गप्प म्हणजे ठीक

बेशुद्ध पडलेला माणूस हाक मारत नाही. आमचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा होता.

नव्वदच्या दशकात बंगळूरच्या यशवंतपुरात, घाऊक बाजाराच्या मागच्या गल्लीत, आमची पत्र्याची शेड होती. सात माणसं, एक फोन, दोन खिडक्या. तिथे आम्ही कमरेच्या पट्ट्याला अडकवायची धोक्याची घंटा बनवत असू. कागदोपत्री तिला लांबलचक नाव होतं. गिऱ्हाइकं तिला पेटी म्हणत, म्हणून आम्हीही पेटीच म्हणू लागलो.

पेटी साबणाच्या डबीएवढी. आत काचेची एक छोटी नळी आणि नळीत पाऱ्याचा थेंब. माणूस चालतो, वाकतो, हात हलवतो, तोवर थेंब घरंगळत राहतो. माणूस निपचित पडला की थेंबही थांबतो. पंचवीस सेकंद थांबला, तर पेटी बारीक आवाजात इशारा देते. माणूस नुसताच विश्रांती घेत असेल तर त्याने कंबर हलवावी, पेटी गप्प बसते. आणखी दहा सेकंद हालचाल झाली नाही, तर ती किंचाळू लागते आणि किल्ली लावल्याशिवाय थांबत नाही. शुद्धीवर असलेल्या माणसाला मदत हवी असेल तर त्याच्यासाठी एक लाल बटण. बाकी नऊ व्होल्टची बॅटरी आणि आवाज बाहेर पडायला समोरच्या बाजूला पाच भोकं. त्या पाच भोकांबद्दल पुढे सांगायचं आहे.

पेटी बनवली मालती कुंटे यांनी. कुंटेबाई मूळच्या पुण्याच्या. सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात वीस वर्षं काढून त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि जे. पी. नगरातल्या घरी जेवणाच्या टेबलावर पहिली पेटी जुळवली. मी आधी एका वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. ते बंद पडल्यावर बाईंकडे माहितीपत्रकं लिहायला आणि गिऱ्हाइकांना पेटी शिकवायला लागलो. आमचं घराणं बंगळुरात नेमक्या किती पिढ्यांपासून आहे ते घरातल्या कोणालाच सांगता येत नाही. बाईंना माझी कन्नड मिसळलेली मराठी पचायला महिनाभर लागला.

"बाई, स्वल्प थांबा, सरी करतो," मी एकदा म्हणालो, म्हणजे जरा थांबा, नीट करतो.

"राव, यात मराठी कोणतं?"

"बाई, थांबा आणि करतो."

"म्हणजे निम्म्याहून जास्त. प्रगती आहे."

पेटी कोणाला विकायची यापेक्षा कोणाला विकायची नाही, हे मी आधी शिकलो. येलहंक्याच्या पुढे द्राक्षांचे मळे होते. तिथला एक मळेवाला आला. त्याला सहा पेट्या हव्या होत्या, राखणदारांसाठी.

"झोपला की ओरडते ना?" त्याने विचारलं.

"ओरडते," बाई म्हणाल्या.

"मग द्या सहा."

"नाही देणार."

"का? पैसे रोख देतो की."

"तुमच्याकडे ही चहाडखोर म्हणून येणार. जी पेटी मालकाला चहाड्या सांगते ती माणूस कमरेला लावत नाही, झाडाला लावतो."

मळेवाला जाताना म्हणाला, की तुमचं दुकान चालणार नाही. त्या वर्षी त्याचं म्हणणं खरं ठरण्याच्या बेतात होतं. पेट्या कौतुकाने बघितल्या जात, घेतल्या जात नसत. येलहंक्याच्या वाटेवर रंगासाठी राळ बनवणारा एक कारखाना होता, त्याने वीस पेट्या घेतल्या. तेवढ्या एका गिऱ्हाइकावर आमची शेड तगून होती.

तिथलं धोक्याचं काम म्हणजे टाक्या साफ करणं. लोखंडी टाकी आडवी, लांबलचक, वरच्या अंगाला माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड. टाकी रिकामी केली तरी तळाशी गाळ राहतो. तो माणसाने उतरून खरवडावा लागतो. गाळातून द्रावकाची वाफ निघते. ती हवेपेक्षा जड, म्हणून तळाशीच साचते. पंपाने हवा आत सोडतात, तरी कोपऱ्यात ती राहतेच. आधी डोकं हलकं होतं, मग झोप येते. वर उभ्या असलेल्या माणसाला टाकीचं टोक दिसत नाही. त्याहून वाईट म्हणजे एक पडला की त्याला काढायला दुसरा उडी मारतो आणि त्याच वाफेत तोही पडतो. म्हणून या कामाचा पहिला नियम असा, की वरच्याने खाली उतरायचं नाही. त्याने फक्त ओढायचं.

तिथल्या टोळीचा मेस्त्री, म्हणजे मुकादम, मुनियप्पा. पन्नाशीचा, बारीक चणीचा, कमी बोलणारा. आमचं बोलणं कन्नडात होई. इथे मराठीत देतो.

"सार, ही साबणाची डबी माझ्या माणसांना राखणार?" पहिल्या दिवशी त्याने विचारलं.

"आजवर कशाने राखलीत?"

त्याने दोर दाखवला. टाकीत उतरणाऱ्याच्या पट्ट्याला दोर बांधलेला असे. वरचा माणूस मनात शंभर आकडे मोजी आणि दोराला दोन हिसके देई. आतल्याने दोन हिसके उलट द्यायचे. उलट हिसके आले नाहीत तर विचारत बसायचं नाही, ओढायचं. मुनियप्पा हे काम तीस वर्षं करत होता. आधीच्या कारखान्यात, त्याची पाळी नसताना, त्याच्या टोळीतला एक जण टाकीतच दगावला होता. तेव्हापासून दोर तो दुसऱ्याच्या हातात देत नसे.

टोळीला मात्र या हिसक्यांचा कंटाळा होता. सर्वांत जास्त लोकेशला. लोकेश टोळीतला सगळ्यात चपळ माणूस. लग्न झालेला, घरी दोन मुली, तोंडाचा पट्टा सतत चालू.

"सार, गाळ खरवडताना हात भरलेला असतो आणि हे वरून खेचतात," तो म्हणाला. "गळाला लागलेल्या माशासारखं वाटतं. मेस्त्री वर बसून पाण्यात दोर टाकल्यासारखे बघत असतात."

"मासा बडबडत नाही," मुनियप्पा म्हणाला.

मी टोळीला पेटी शिकवली. स्वच्छ केलेल्या टाकीत मी स्वतः उतरून पडून राहिलो. पस्तीस सेकंदांनी पेटी अशी किंचाळली, की वरच्यांनी कानांवर हात घेतले. मुनियप्पानेही मान हलवली. मग मी त्यांना सांगितलं, की आता शंभर मोजायला नकोत, हिसके द्यायला नकोत. दोर फक्त ओढण्यापुरता. पेटी गप्प आहे तोवर माणूस ठीक आहे.

एवढ्यावर मी थांबलो नाही. वर्तमानपत्रातली सवय होती. तीन शब्दांत मावेल ते चारात लिहायचं नाही. मी कन्नडात एक पाटी रंगवून घेतली आणि टाकीच्या तोंडाशी टांगली: गप्प म्हणजे ठीक. मथळा चांगला जमला होता. चुकीचा होता, पण हे कळायला सहा महिने गेले.

दुसरी चूक बाईंची आणि माझी. पेटी चालते की नाही हे बटण दाबून बघायचं असतं. रोज बघितली तर बॅटरी लवकर संपते आणि शेजारच्या विभागातले लोक वैतागतात. म्हणून आम्ही ठरवलं, की चाचणी आठवड्यातून एकदा, शनिवारी.

त्या वर्षी खंडेनवमी शुक्रवारी आली. तिला बंगळुरात आयुधपूजा म्हणतात आणि ती घरातल्यापेक्षा कारखान्यात मोठी असते. लेथ, लॉऱ्या, पाने, वजनकाटे, ज्या वस्तूवर पोट आहे त्या प्रत्येक वस्तूला गंध, हळद, कुंकू, फूल. लॉरीच्या चाकाखाली लिंबू. दाराशी कुंकू भरून फोडलेला कोहळा. शनिवारी दसरा, रविवारी सुट्टी. सोमवारी सकाळी राळेच्या कारखान्याचा ड्रायव्हर नागराज व्हॅन घेऊन आमच्या शेडवर आला. एका हातात प्रसादाच्या चुरमुऱ्यांचा पुडा, दुसऱ्या हातात एक पेटी. तिची पट्ट्याची चाप वाकली होती.

पेटी नवरीसारखी नटली होती. सगळ्या तोंडावर चंदनाचा लेप, त्यावर हळदीकुंकू, चापेत वाळलेली शेवंती. शेडमधल्या मुली हसल्या. कुंटेबाईही हसल्या आणि सवयीने त्यांनी लाल बटण दाबलं.

काही झालं नाही. बाईंनी पेटी कानाशी नेली. मग माझ्या कानाशी धरली. आत एक डास गुणगुणत होता.

बाईंनी भिंग लावून बघितलं. लेप वाळून भोकांत प्लास्टरसारखा बसला होता. पाचही भोकं बंद. त्यांनी पेटी खाली ठेवली. आता त्या हसत नव्हत्या.

"राव, बाकीच्या एकोणीस?"

मी नागराजला विचारलं.

"सगळ्यांना लावलंय, मॅडम," तो अभिमानाने म्हणाला. "मेस्त्रींनी स्वतःच्या हाताने लावलं. एकही सुटली नाही."

"आज काम कसलं आहे?"

"मोठी टाकी. सणानंतरचं पहिलं काम. लोकेश उतरणार."

मोबाईल तेव्हा आमच्यापैकी कोणाकडे नव्हता. कारखान्याचा फोन लावला, तो गुंतलेला. असेंब्लीतल्या शोभाला फोनवर बसवलं, लागेपर्यंत फिरवत राहा म्हणून सांगितलं आणि आम्ही दोघं नागराजच्या व्हॅनमध्ये चढलो.

वाटेत सांगण्यासारखं काही घडलं नाही. रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी लांब होती. तिचे डबे बाई मोजत होत्या.

"शनिवारी चाचणी असते ना?" त्यांनी विचारलं.

"शनिवारी दसरा होता."

मालगाडी गेली, फाटक उघडलं आणि नागराजने व्हॅन थेट कारखान्यात घातली.

मुनियप्पा टाकीवर, तोंडाशेजारी स्टुलावर बसला होता. दोर त्याच्या हातात होता, पण सैल. आम्हाला बघून त्याचा चेहरा खुलला.

"या सार, या. प्रसाद पोचला?"

"लोकेश कुठे आहे?"

"आत."

"शेवटचं बोलणं कधी झालं?"

"बोलायचं कशाला?" त्याने माझ्या पाटीकडे बोट केलं. "पेटी गप्प आहे."

"मेस्त्री, पेटी ओरडू शकत नाही. गंधाने तिचं तोंड बंद झालंय. दोर हलवा."

त्याने दोर ताणला. मग त्याने दोन हिसके दिले. आम्ही सगळे दोराकडे बघत होतो. दोर जसा होता तसाच राहिला.

मुनियप्पाने काही विचारलं नाही. "एळी!" तो ओरडला. एळी म्हणजे ओढ. चार माणसं दोरावर आली. पाचवा टाकीच्या तोंडात पाय घालू लागला. मुनियप्पाने एका हाताने दोर न सोडता दुसऱ्या हाताने त्याची गचांडी धरून त्याला मागे फेकलं. आत काहीतरी जड फरफटत आल्याचा आवाज झाला. मग लोकेशचं डोकं दिसलं, मान एका बाजूला पडलेली.

त्याला उघड्यावर निजवलं. छाती हलत होती. प्राथमिक उपचाराच्या खोलीतून प्राणवायूचं नळकांडं आणलं, तोंडावर मुखवटा धरला. मुनियप्पा त्याच्या गालावर चापट्या मारत होता आणि त्याच्या दोन्ही मुलींची नावं आळीपाळीने घेत होता. कुंटेबाई गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी लोकेशच्या कमरेशी कान लावला. लोकांना वाटलं, बाई नाडी बघताहेत. त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं. मीही कान लावला.

पेटी किंचाळत होती. किती वेळ किंचाळत होती कोणास ठाऊक. बाईंनी किल्ली लावून ती बंद केली.

लोकेशने डोळे उघडले ते बऱ्याच वेळाने. इकडे तिकडे बघितलं आणि जाड झालेल्या जिभेने म्हणाला, "का ओढलंत, अण्णा? किती गोड झोप लागली होती."

मुनियप्पाने त्याला अशी शिवी दिली, की ती दिवाळी अंकात छापता येणार नाही. मग तो पलीकडे जाऊन पाठ करून उभा राहिला. तेवढ्यात फाटकावरचा पहारेकरी धावत आला. त्याच्या हातात चिठ्ठी होती: पेट्या वापरू नका. शोभाचा फोन लागला होता.

लोकेश एक दिवस इस्पितळात राहिला, चौथ्या दिवशी कामावर आला. त्याच दिवशी व्यवस्थापकांनी आम्हाला बोलावलं. त्यांनी परिपत्रक तयार ठेवलं होतं: सुरक्षेच्या साधनांची पूजा करण्यास मनाई आहे.

मुनियप्पा उभाच होता. "लॉरीची केली, पंपाची केली," तो म्हणाला. "जी वस्तू जीव राखते तिलाच नको?"

"पूजा करू द्या," कुंटेबाई म्हणाल्या. "वर्षातून एकदा लोक तोंडाला गंध लावणार हे मला माहीत असायला हवं होतं. भोकं तोंडावर ठेवली ती मी."

"आणि पाटी लिहिली ती मी," मी म्हणालो.

मुनियप्पाने माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. शाळेत मागे पडलेल्या मुलाला समजावतात तसं तो सावकाश बोलला. "सार, दोर गप्प झाला की आम्ही घाबरायचो. तुम्ही सांगितलंत, गप्प असलं की घाबरू नका."

कुंटेबाईंनी टेबलावरचं एक पाकीट ओढलं, उलटं केलं आणि पेन काढलं.

"मेस्त्री, किती आकडे मोजता म्हणालात?"

"शंभर."

"आणि उत्तर आलं नाही तर?"

"ओढतो."

"का आलं नाही ते बघत नाही?"

"बाहेर काढल्यावर बघतो."

हे सगळं बाईंनी त्या पाकिटावर लिहून घेतलं. परत येताना व्हॅनमध्ये त्या म्हणाल्या, "वीस वर्षं मी सर्किटं केली, राव. हे सर्किट त्या माणसाच्या हातात होतं आणि आपण ते काढून घेतलं."

धंद्याबाहेरच्यांसाठी हे थोडं उलगडून सांगतो. जुनी पेटी संकटात ओरडत असे. पण बॅटरी संपली, तार तुटली, भोकं बुजली तरी ती गप्पच, आणि सगळं ठीक असलं तरी गप्पच. तिच्या गप्प बसण्याला काही अर्थच नव्हता. दोराचं उलटं होतं. सगळं ठीक असलं की दोर उत्तर देई. उत्तर थांबलं, मग ते कशामुळेही थांबो, की माणूस बाहेर. नवी पेटी बाईंनी दोरासारखी केली. आतला माणूस हलतो आहे तोवर ती दर दहा सेकंदांनी एकदा टिक करते. तो पडला तर पूर्वीसारखीच किंचाळते. आणि काहीही बिघडलं, तर टिक थांबते. वरच्याने कान टिककडे ठेवायचा. टिक थांबली की ओढायचं. भोकं तळाच्या बाजूला गेली, आतून जाळी बसली. अडचण बॅटरीची होती. टिक करून करून ती दोन दिवसांत संपे. टिक आखूड करत करत बॅटरी पुरेशी टिकवायला बाईंना दीड महिना लागला. टोळीने नव्या पेटीला जीरुंडे म्हणजे रातकिडा हे नाव दिलं. माहितीपत्रकातही मी तेच ठेवलं.

या रातकिड्यावर आमची शेड पुढे कित्येक वर्षं चालली, शेजारची शेडही घ्यावी लागली. पण नवी पेटी टाकीत उतरवली त्या पहिल्या दिवशी हे कोणाला माहीत नव्हतं. त्या दिवशी कुंटेबाईंनी सकाळी स्पष्ट सांगितलं होतं, "टोळीने आज ही नाकारली तर मी कुलूप लावते. ज्यांचा जीव आहे त्यांनाच पटत नसेल तर विकायची कोणाला?"

टाकी तीच. माझी पाटी मी आदल्या दिवशीच उतरवून ठेवली होती. आणखी तीन कारखान्यांचे सुरक्षा अधिकारी बघायला आले होते, इस्त्रीच्या शर्टात, टाकीपासून चार हात लांब. उतरायचं कोणी हा प्रश्न निघाला तेव्हा लोकेशने पट्टा आवळला.

"दुसरा कोणी जाऊ दे," मुनियप्पा म्हणाला.

"माझ्यासाठी केली आणि दुसरा का?" लोकेश म्हणाला आणि उतरला.

टाकीतून टिक ऐकू येऊ लागली. लोखंडी पोटात ती चांगली घुमत होती. टिक. खरवडण्याचा आवाज. टिक. मुनियप्पा स्टुलावर बसला नव्हता, तोंडाशी उकिडवा होता. दोर ताणलेला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. सुरक्षा अधिकारी घड्याळं बघू लागले. त्यांतले एक माझ्याकडे वळून म्हणाले, "कामगार या आवाजाला कंटाळतील. हा बंद करायची काही सोय आहे का?"

मी उत्तर द्यायच्या आधी मुनियप्पाचं बोट वर झालं.

टिक आली नव्हती.

"एळी!"

त्याने कोणाकडे बघितलं नाही, आत वाकून हाक मारली नाही. चारही माणसं आधीपासून दोराला हात लावून होती. अधिकाऱ्यांना काय चाललंय ते कळेपर्यंत लोकेश विहिरीतल्या बादलीसारखा वर आला. एका पायात गमबूट नाही, तोंड गाळाने भरलेलं, उजवा तळवा कमरेच्या पेटीखाली, भोकांवर घट्ट दाबलेला, आणि पूर्ण शुद्धीत.

"अण्णा! सोडा! मी जिवंत आहे!" तो ओरडत होता. "मीच हात ठेवला होता तिच्यावर!"

"का?"

"बघत होतो."

"काय बघत होतास?"

"तुम्ही ओढता का."

मुनियप्पाने त्याचा तळवा धरून पेटीवरून बाजूला केला. टिक झाली.

"बघितलंस?"

"बघितलं."

"मग उतर. गाळ राहिलाय."

लोकेशने तोंड पुसलं, गाळातला बूट शोधायला दिवा मागून घेतला आणि उतरला.